काटेबाईंचे चार किलो

काटेबाईंचं आडनाव काटे नव्हतं. ते त्यांना बाजारपेठेनं बहाल केलं होतं. वजनमापांच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं निरीक्षकाची नोकरी केली. दुकानादुकानांतले तराजू आणि वजनकाटे तपासण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला दुसरं नाव पडणार तरी कुठलं? त्या पेठेच्या एका टोकाला दिसल्या की दुसऱ्या टोकाला खबर पोचलेली असे. कुणी घाईघाईनं पारडी पुसायला घेई, तर कुणाला नेमकं तेव्हाच दुकान बंद करून दवाखान्यात जायचं आठवे. बाईंना हे ठाऊक होतं, म्हणून लोक ज्या टोकाला त्यांची वाट बघत त्या टोकानं त्या कधी शिरल्याच नाहीत.

त्यांनी काय काय पकडलं नव्हतं? पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, खालून ठोकून वर आणलेला मापाचा तळ, दोन्ही टोकांना घासून आखूड केलेली कापडवाल्याची मीटरपट्टी. खात्यात त्या लागल्या तेव्हा तिथं एकही बाई नव्हती आणि पहिली दोन वर्षं दुकानदार त्यांना विचारायचे, साहेब मागून येताहेत का? बाई म्हणायच्या, साहेब पुढेच उभे आहेत. माणसं ओळखायची त्यांची स्वतःची एक रीत होती. तपासणीला गेल्यावर जो चिडतो तो घाबरलेला असतो, आणि जो आपल्या हातानं खुर्ची पुसून देतो त्याचा काटा आधी बघायचा.

ही रीत घरी आली नसती तरच नवल. दूध, धान्य, टेलरनं परत दिलेलं उरलेलं कापड, सगळं मोजून घरात येई. त्याचं कुणाला फारसं वाटत नसे. पण एकदा त्यांचा नवरा दर गुरुवारी दुपारी कुठेतरी जायला लागला. विचारलं तर हसून विषय बदलायचा. बाईंनी दोन गुरुवार वाट पाहिली आणि तिसऱ्या गुरुवारी त्याच्या मागे गेल्या. नवरा निघाला तो थेट नगरपालिकेच्या तलावावर. तिथं वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, लहान मुलांच्या रांगेत, कठड्याला धरून पाय मारायला शिकत होता. त्यानं मान वर केली तर जाळीपलीकडे बायको उभी.  तो पुन्हा कधी पोहायला गेला नाही. त्याला जाऊन आता सहा वर्षं झाली होती, आणि बाईंना तो गुरुवार जेवढा आठवे तेवढं लग्नसुद्धा आठवत नसे.

तरी स्वभाव काही गेला नाही. निवृत्तीनंतर तपासायला दुकानं राहिली नाहीत, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष लेकीकडे आणि जावयाकडे वळलं.

लेक एका शाळेच्या ग्रंथालयात होती आणि जावई पुलांची आखणी करणारा इंजिनिअर. माणूस चांगला, पण हात लावून काम करणाऱ्यांतला नव्हे. अशा माणसानं एका महिन्यात बाईंच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बदलला, सगळे दिवे नवे बसवले आणि न्हाणीघरात धरायला एक दांडा ठोकून दिला. लेक आठवड्यातून तीनदा यायला लागली आणि जाताना दारात उगाच रेंगाळायला लागली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या दोनच गोष्टी धरून चालल्या. एक तर आपल्याला काहीतरी मोठा आजार आहे आणि डॉक्टरनं तो आपल्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलाय. नाहीतर यांना हे घर विकायचंय. त्या तडक डॉक्टरकडे गेल्या आणि तपासणीचे सगळे कागद टेबलावर मांडायला लावून, एकेक ओळ बोट ठेवून वाचून आल्या. मग कपाट उघडून घराची कागदपत्रं पाहिली, ती जागच्या जागी होती. आणखीही एक शक्यता होती. तिच्या वाटेला मात्र बाई गेल्या नाहीत.

अशात जावयानं जाहीर केलं की येत्या शनिवारी आईंना धबधबा दाखवायला न्यायचं, आणि तोही हेलिकॉप्टरमधून.

धबधबा प्रसिद्ध होता. त्याची चित्रं कॅलेंडरवर असत, बिस्किटांच्या डब्यावर असत. बाईंनी तो कधी पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही कुणाला बोलून दाखवली नव्हती. त्यांनी लेकीला विचारलं, "हे कशासाठी?" लेक म्हणाली, सहजच. चौतीस वर्षांत बाईंना सहज असं काही घडताना दिसलं नव्हतं. पण नाही म्हटलं तर खरं कारण कधीच कळणार नाही, म्हणून त्या हो म्हणाल्या.

शनिवारी सकाळी तिघं मोटारीनं निघाली आणि साडेदहाच्या सुमाराला पोचली. धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला, आणि ऐकू यायच्याही आधी हवेत त्याचं पाणी लागलं. मोटारीच्या काचेवर बारीक तुषार धरले होते. हेलिकॉप्टरवाल्यांचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतींना लाकडी पट्ट्या, एका बाजूला बाकं, समोर काउंटर आणि काचेच्या दारापलीकडे गोल आखलेलं सिमेंटचं मैदान. मैदानात निळं हेलिकॉप्टर पाती खाली पाडून उभं होतं. बाईंना ते अपेक्षेपेक्षा फारच लहान वाटलं.

काउंटरवाला चाळिशीचा, गुळगुळीत दाढी केलेला माणूस होता. बाई आत शिरल्याबरोबर तो बाहेर आला आणि त्यानं हातरुमालानं त्यांच्यासाठी बाक पुसून दिला. बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं दुसरीकडे पाहिलं, कारण आईच्या मनात काय आलं हे तिला बरोबर कळलं होतं.

फेरी बारा मिनिटांची आणि आत प्रवासी पाच. ही तिघं आणि नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं, जे सारखं स्वतःचेच फोटो काढत होतं. उडायच्या आधी प्रत्येकाचं वजन करायचं होतं, कारण पाच जणांचं मिळून किती वजन चालेल याला त्या दिवशीच्या उन्हाप्रमाणे मर्यादा असते, असं काउंटरवाल्यानं सांगितलं. वजनकाटा काउंटरच्या पुढ्यातच होता. तो जमिनीत बसवून भोवती छान पॉलिश केलेली लाकडी चौकट ठोकली होती, म्हणजे कुणी ठेचकाळणार नाही. त्याच्या पाटावर पिवळ्या रंगात दोन पावलं काढली होती. आकडा काउंटरमागच्या पडद्यावर उमटे.

बाई पावलांवर पावलं ठेवून उभ्या राहिल्या आणि मान लांब करून त्यांनी पडदा बघितला. साठ किलो दोनशे.

त्या खाली उतरल्या नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्या जुन्या ऑफिसात चहाला जात आणि तिथल्या प्रमाणित काट्यावर उभ्या राहत. चारच दिवसांपूर्वी त्या चौसष्ट किलो दोनशे होत्या.

"माझे चार किलो कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

काउंटरवाला हसला. म्हणाला, बायका सहसा याबद्दल तक्रार करत नाहीत. नवी नवरी हसली, जावईही चुकून हसला आणि लगेच गप्प झाला. काउंटरवाल्यानं सांगितलं की काटा प्रमाणित आहे, त्याला शिक्का आहे. बाईंनी वाकून शिक्का पाहिला. शिक्का खराच होता, मुदतीतला होता आणि शिशाची गोळीही शाबूत होती. इथं दुसरा कुणी असता तर थांबला असता. बाईंना उलट आता खात्री पटली की गोम काट्यात नसून काट्याभोवती कुठेतरी आहे.

"आई, प्लीज," लेक हळूच म्हणाली.

बाई चपला काढून पाटाच्या एका कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. पासष्टीला आलेली बाई भर ऑफिसात ठिक्कर खेळावी तशी कोपऱ्याकोपऱ्यानं सरकत होती आणि जावयाला दर वेळी "आकडा सांगा" म्हणत होती. जावई बिचारा काउंटरवर वाकून आकडे सांगत राहिला. काचेच्या दाराकडच्या दोन्ही कोपऱ्यांवर त्रेसष्टच्या पुढे, काउंटरकडच्या एका कोपऱ्यावर साठ आणि दुसऱ्यावर तर अठ्ठावन्न. पिवळी पावलं होती ती काउंटरकडच्या बाजूला.

बाईंनी पर्समधून डॉक्टरच्या भेटीचं कार्ड काढलं आणि पाट व चौकट यांच्यामधल्या फटीत घालून फिरवायला सुरुवात केली. तीन बाजूंनी कार्ड सुरळीत फिरलं. काउंटरच्या बाजूला ते शिरेचना.

"पाट चौकटीला टेकतोय," त्या म्हणाल्या. "माणसाचा थोडा भार काटा घेतोय आणि थोडा तुमची ही चौकट. प्रत्येक माणूस तुम्हाला हलका दिसतोय."

काउंटरवाल्याचं हसू आता पातळ झालं. त्यानं घड्याळ दाखवलं, पुढच्या फेरीचे लोक येतील म्हणाला, बाईंना हवं तर चार किलो वाढवून लिहितो म्हणाला. बाईंनी विचारलं, बाकी चौघांचे कोण वाढवणार? आणि ही पावलं कुणी काढली, कधी काढली? तो म्हणाला, मागच्या महिन्यात, लोकांनी कुठेही उभं राहू नये म्हणून. नेमकी याच बाजूला का? यावर त्यानं खांदे उडवले.

या बोलाबोलीत काचेचं दार उघडून एक तिशीतली बाई आत आली. केस आखूड, अंगात निळा शर्ट, हातात पाण्याची बाटली. उशीर का होतोय असं तिनं विचारलं आणि काउंटरवाला ज्या अदबीनं सरळ उभा राहिला त्यावरून बाईंच्या ध्यानात आलं की हीच पायलट. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो, ही पोरगी? दुसरा विचार आला तो आपल्या पहिल्या दोन वर्षांचा, आणि त्या जराशा शरमल्या. पण तिच्यावर विश्वास मात्र त्यांनी एवढ्यात टाकला नाही.

पायलटनं सगळं ऐकून घेतलं. मग ती स्वतः पिवळ्या पावलांवर उभी राहिली, आकडा पाहिला, दाराकडच्या कोपऱ्यावर जाऊन परत पाहिला. तिचा चेहरा बदलला.

"गेले पंधरा दिवस मी सांगतेय," ती काउंटरवाल्याला म्हणाली, "की दुपारच्या फेऱ्यांना मशीन जड उचलतंय. आणि तू म्हणत होतास, ऊन वाढलंय."

तिनं मैदानावरून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पटाशीनं चौकटीची काउंटरच्या बाजूची पट्टी उपसून काढली. पट्टी आतल्या बाजूनं काळपट आणि चिंब होती. धबधब्याचे तुषार दिवसरात्र हवेत असायचे, जमिनीतून ओल यायची आणि महिन्याभरात ते लाकूड फुगून पाटाला भिडलं होतं. पट्टी निघाल्यावर बाई पुन्हा उभ्या राहिल्या. चौसष्ट किलो दोनशे. त्यांनी मान डोलावली, जणू उशिरा आलेल्या माणसाला आत घेतलं.

म्हणजे लबाडी नव्हती? बाईंना ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. लाकूड आपोआप फुगलं हे खरं. पण पावलं नेमकी त्याच बाजूला काढली गेली आणि हलक्या आकड्यांमुळे चाराऐवजी पाच माणसं बसायला लागली, हेही खरं. काउंटरवाला त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही. एवढ्यावरून कुणाला दोषी धरायचं नसतं, हे त्या नोकरीतच शिकल्या होत्या.

सगळ्यांची वजनं नव्यानं झाली. पाच जण मर्यादेच्या सात किलो वर जात होते. पायलटनं स्वच्छ सांगितलं की एकानं थांबायचं, त्याला दुपारी नेऊ. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत जावई म्हणाला, मी थांबतो. तो इतक्या चटकन म्हणाला की बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. लेकही पाहत होती, आणि तिच्या नजरेत आभार नव्हते. महिनाभर ज्याच्या मागावर होत्या ते आता अगदी हाताशी आलंय, असं बाईंना वाटलं.

बाईंना पायलटच्या शेजारची खिडकी मिळाली. लेक मागे बसली, तिच्या बाजूला जोडपं. सगळ्यांच्या कानांवर मोठे हेडफोन आणि ओठांपुढे बोलायची दांडी. पात्यांचा आवाज चढत गेला, जमीन एकदा थरथरली आणि मग पायांखाली नव्हतीच. बाईंनी सीटची कड पकडली. त्या खाली बघत नव्हत्या, पायलटच्या हातांकडे बघत होत्या. हात शांत होते. थोडं इकडे, थोडं तिकडे, पीठ मळणाऱ्या बाईला पाणी किती घालायचं ते न बघता कळावं, तसे. मिनिटभरानं बाईंनी तिला मनातल्या मनात पास केलं आणि मग खिडकीतून खाली पाहिलं.

नदी पसरट, हिरवट, कसलीही घाई नसलेली येत होती आणि एका ओळीवर येऊन एकदम संपत होती. त्यापुढे पांढरं होतं. इतकं पांढरं की त्यात पाणी कुठलं आणि धूर कुठला ते ठरत नव्हतं. कॅलेंडरवर तो पडद्यासारखा दिसे. वरून पाहिल्यावर बाईंना तो जमिनीला पडलेल्या भेगेसारखा वाटला. पण हेलिकॉप्टर वळलं तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. धबधब्याच्या वरच्या अंगाला, दूर, नदीत एक बुटकी भिंत होती आणि भिंतीत एका ओळीत लोखंडी दारं.

"ती दारं कसली?" बाईंनी विचारलं.

"पाण्याची," पायलटचा आवाज कानात आला. "रात्री अर्ध्याअधिक बंद करतात, पाणी वीज करायला वळवतात. सकाळी लोक यायच्या वेळेला उघडतात."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या. इतका मोठा धबधबा, पण त्याच्यामागेही कुणीतरी चावी घेऊन बसलंय, याचं त्यांना विलक्षण समाधान वाटलं. पाणी मात्र त्यामुळे जराही कमी कोसळत नव्हतं.

तेवढ्यात लेकीचा आवाज आला. इतक्या जवळून की जणू ती लहानपणीसारखी कानात गुपित सांगत होती. "आई, तुला एक सांगायचंय. तो सांगणार होता, म्हणून आज आणलं तुला. आता तो खाली राहिला." मग तिनं एका दमात पुढचं सांगून टाकलं. "त्याला बाहेरच्या देशात काम मिळालंय. खाडीवरचा पूल आहे. आम्ही दोघंही चाललोय. दोन महिन्यांनी."

बाई वळू शकत नव्हत्या, पट्टा करकचून बांधला होता. समोर पांढरं पाणी होतं आणि लेक मागे होती. नळ, दिवे, न्हाणीघरातला दांडा, दारातलं रेंगाळणं. चौतीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईनं डॉक्टरचे कागद तपासले, कपाट तपासलं आणि हेच तेवढं तपासलं नव्हतं.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"म्हणजे चार."

 मग त्या नव्या नवरीचा हळू आवाज आला, "आम्हाला पण ऐकू येतंय हो." तिचा नवरा तिला गप्प बस म्हणाला, तेही सगळ्यांना ऐकू आलं. पायलटनं घसा साफ केला आणि ती म्हणाली, "डावीकडे इंद्रधनुष्य आहे. एक फेरी जास्त मारते."

तिनं मारली. सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं, पण त्यांना ते नीट दिसलं नाही, कारण डोळे भरून आले होते आणि चष्मा पुसायला हेडफोन आड येत होता.

खाली जावई कुंपणाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा बघूनच कळत होतं की ती बारा-चौदा मिनिटं त्याला फार लांब गेली होती. बाई उतरल्या, वाकून चालत पात्यांच्या बाहेर आल्या आणि थेट त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही मुद्दाम थांबलात," त्या म्हणाल्या.

"हो, आई," जावई म्हणाला. "मला धीर झाला नाही. मी तिला पुढे केलं, चूक झाली."

बाईंची खोटं ऐकायची तयारी होती. या उत्तराची नव्हती. त्यांनी त्याला एवढंच सांगितलं की आभाळात नेऊन सांगण्यासारखं यात काही नव्हतं, घरी ओट्याशी उभं राहून सांगितलं असतं तरी आपण पडलो नसतो. लेक म्हणाली, तू भांडली असतीस. बाई म्हणाल्या, भांडले असतेच. मग तिघं कँटीनमध्ये जाऊन बसली आणि बाई भांडल्या. चांगल्या अर्धा तास भांडल्या, चहा निवला तोवर.

दोन महिन्यांनी दोघं गेली. बाईंनी शेजारणींवर, पेपरवाल्यावर आणि नव्या पोस्टमनवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. लेकीचा फोन आला की त्या तिला खोलीभर फोन फिरवायला लावत आणि मागच्या वेळी नसलेली वस्तू दिसली की विचारत. पुलाचं काम तीन वर्षांच्या पुढे लांबलं, सव्वाचार वर्षं झाली. तो रहदारीला खुला झाला त्या आठवड्यात बाई पहिल्यांदा तिथे गेल्या.

जावयानं त्यांना पूल पायी दाखवला. मधोमध आल्यावर बाई थांबल्या. शेजारून मालट्रक गेला की पायांखाली बारीक हादरा जाणवत होता. त्यांनी कठड्याला हात लावून पाहिला, खाली पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, याच्यावर एका वेळी किती भार चालतो, आणि तो कुणी तपासला?

जावयानं कोटाच्या आतल्या खिशातून चाचणीचा दाखला काढून त्यांच्या हातात दिला. सकाळी निघतानाच त्यानं तो घडी करून खिशात ठेवला होता. बाईंनी चष्मा लावला आणि वाऱ्यात दोन्ही हातांनी कागद ताणून धरून, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.